कडेची खुर्ची

४ फेब्रुवारी, सकाळी

डॉक्टर म्हणाले, रोजनिशी लिहा. कशाकशाने राग येतो ते लिहून काढा, ब्लड प्रेशर उतरेल. मी म्हणालो, मला राग येत नाही. त्यांनी दंडाला पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा मोजलं आणि गोळी वाढवली. त्यांची ही पद्धत मला आवडत नाही. (राग नव्हे. निरीक्षण.)

आजपासून संकल्प. आवाज चढवायचा नाही. जेवताना बातम्या नाहीत. शिट्टी फक्त ड्रिललाच वाजवायची.

५ फेब्रुवारी

ड्रिल झालं. आठ मजल्यांचं ऑफिस, एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी एका सुरक्षा अधिकाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर. अलार्म वाजला की हातातलं काम टाकायचं, जिन्याने खाली यायचं, पार्किंगच्या फाटकापाशी जमायचं. एवढं सोपं. लोक लिफ्टने आले. काही जण वाटेत कॉफी घेऊन आले. अकाउंट्सचे हेड तर खुर्चीतून हललेच नाहीत. मी वर जाऊन त्यांच्या कानाशी शिट्टी फुंकली, तर म्हणाले, खरी आग लागली की सांगा. पालथ्या घड्यावर पाणी.

आवाज चढला. पण तो शिट्टीचा होता.

नंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शिट्टी (ऑफिसात मला याच नावाने हाक मारतात, प्रेमाने), वडील गेल्यापासून तुम्ही जरा, आणि खिडकीबाहेर बघत बसले. जरा काय, ते सांगितलंच नाही. मी व्यवस्थित आहे. आप्पा ऑक्टोबरमध्ये गेले. रजा संपायच्या आत मी कामावर हजर होतो. आल्या आल्या तळमजल्यावरची आग विझवायची मुदत संपलेली सिलिंडरं बदलून घेतली. दुःखात बुडालेला माणूस सिलिंडरं बदलतो का?

९ फेब्रुवारी, रविवार

ताई आली होती. आप्पा गेल्यावर ताईची फार वाईट अवस्था झाली होती. फोनवर हॅलो म्हणायच्या आधी रडायची. भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून बसून राहायची. मोठी बहीण असून मलाच तिला सांभाळावं लागायचं. आणि आज बघतो तर चेहरा तजेलदार. माझ्या बायकोशी हसून गप्पा. पोळी मागून घेतली.

कारण विचारलं. म्हणाली, मॉडर्न डान्स.

मला वाटलं, शिकायला जाते. या वयात, त्या गुडघ्यांनी. तर नाही, नुसती बघायला जाते. लायब्ररीच्या मागे छोटं थिएटर आहे, तिथे एका ग्रुपचा प्रयोग दर शनिवारी संध्याकाळी असतो. दर शनिवारी वेगळा का, विचारलं. म्हणाली, तोच. मी म्हणालो, शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा बघायला पैसे कशाला घालवायचे? यावर ती नुसती हसली.

भावोजींना फोन करून खात्री करून घेतली. ते म्हणाले, जाते, येते, आली की बरी असते, मी जास्त विचारत नाही. भावोजींचा संसार याच एका तत्त्वावर चाललाय.

ताई म्हणते, तू पण चल. तुला गरज आहे. मला कसलीही गरज नाही. पण अंधाऱ्या हॉलमध्ये बाईमाणूस एकटी, बाहेर पडायचे मार्ग कुठे आहेत हे कुणी बघितलंय की नाही देव जाणे. निव्वळ तिच्या सोबतीला म्हणून होकार दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल गेलो. तिसरी रांग, कडेची खुर्ची. ताई म्हणत होती मध्ये बसू, मधून छान दिसतं. मी कुठेही गेलो तरी कडेलाच बसतो. काही झालं तर पहिला माणूस मोकळा हवा.

प्रयोग सुरू होण्याआधी ताई काहीतरी सांगायला लागली, की शेवटी शेवटी एक जण. मी तिला तिथेच थांबवलं. गोष्ट आधी सांगू नकोस. मजा जाते.

गोष्ट नव्हतीच. सहा जण, सगळे अनवाणी. एक माणूस बराच वेळ पाठ करून भिंतीकडे बघत उभा. एक केस बारीक कापलेली बाई जमिनीवर लोळत इकडून तिकडे गेली. मी ताईला हळूच विचारलं, ही त्याची बायको का? ताई म्हणाली, कुणी कुणाचं नाही. मग ती त्याच्या पाठीला डोकं लावून का उभी राहिली? ताई म्हणाली, शू.

मध्येच गाणं थांबलं. सगळे स्तब्ध. संपलं असं समजून मी टाळ्या वाजवल्या. सुरुवात कुणीतरी करावीच लागते. बाकीच्यांनी साथ दिली नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचे खांदे हलले. हसला की काय, कळलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. तिसऱ्या रांगेत त्या लोकांचा श्वास ऐकू येतो. टीव्हीवर नाचतात त्यांचा कधी येत नाही. पाय आपटले की आपल्या खुर्चीखालची फळी हलते. उगाच कुणाच्या तरी अंगात बसल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात लक्षात आलं की मागच्या दारावरचा हिरवा दिवा बंद आहे. म्हणजे आग लागली तर दार दिसणारच नाही. लगेच उठून बाहेर गेलो आणि तिकीट खिडकीवरच्या बाईंना झापलं. (समज दिली.) त्या म्हणाल्या, सांगते. कुणाला सांगते, कधी सांगते, पत्ता नाही. परत येईपर्यंत प्रयोग संपला होता. ताई खुर्चीत बसून डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, आइस्क्रीम खाऊ या. रडून लगेच आइस्क्रीम. माझं डोकं ठणकत होतं. असल्या प्रकाराने माणूस बरा होतो म्हणे.

पुढच्या वेळी ठरलं. ताईला प्रश्न विचारायचे नाहीत. उठायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

उठलो. पण माझी चूक नव्हती.

यावेळी अभ्यास करून गेलो होतो. इंटरनेटवर वाचलं की आधुनिक नृत्यात प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा असतो. मी लावला. भिंतीकडे बघणारा माणूस म्हणजे मॅनेजमेंट. लोळणारी बाई म्हणजे कर्मचारी. सगळं स्वच्छ कळत होतं. जाताना बसमध्ये ताईला समजावूनही सांगितलं. ती बाहेर बघत होती.

अर्धा प्रयोग छान शांत बसलो. मग पुढच्या रांगेतल्या माणसाने फोन काढला. उजेड थेट डोळ्यांवर. मी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. तो म्हणाला, एक मिनिट, घरून मेसेज आहे. मी म्हणालो, इथे लोक एकाग्र झालेत. तो म्हणाला, तुम्हीच बोलताय. चोराच्या उलट्या बोंबा. प्रकरण बाहेर व्हरांड्यात न्यावं लागलं. तिथे तिकीटवाल्या बाईंनी दोघांनाही पाणी दिलं. दिवा अजून बंदच आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. आत टाळ्या पडल्या तेव्हा आम्ही बाहेरच होतो.

ताई येताना बसमध्ये एकदाच बोलली. म्हणाली, आठवडाभर मी घरातल्या सगळ्यांची असते रे. हा एक तास माझा असतो. तुला त्यात आणलं, कारण तुझ्यासाठी जीव तुटतो. एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत बसून बघ. नाहीतर यापुढे मी एकटीच जाईन.

शेवटपर्यंत बसायला काय जातंय? लहान मूलसुद्धा बसेल.

२७ फेब्रुवारी, दुपारी

ऑफिसात प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. हा माझा हातखंडा विषय. पडलेल्या माणसाजवळ गुडघ्यावर बसायचं, दोन्ही खांदे थोपटायचे, मोठ्याने विचारायचं, ऐकू येतंय का? उत्तर नाही, श्वास नाही, तर छाती दाबायला घ्यायची. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. आमच्याकडे सरावाची रबरी बाहुली आहे. दाब बरोबर पडला की तिच्या छातीवर हिरवा दिवा लागतो.

माझा दर वेळी लागला. मी दाखवत राहिलो. शेवटी रिसेप्शनची मुलगी म्हणाली, सर, झालं, सगळ्यांना कळलं. घाम आला होता. एसीची तक्रार दिली.

अकाउंट्सच्या हेडने हात वर केला. म्हणे, आणि सगळं बरोबर करूनही माणूस उठलाच नाही तर? मी सांगितलं, हा प्रश्न आजच्या वर्गाच्या बाहेरचा आहे. काही माणसं मुद्दाम येतात, फाटे फोडायला.

बाहुलीला दिवा असतो. माणसाला नसतो. एवढाच फरक.

२ मार्च, रविवार

काल मी एक जीव वाचवला.

नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर हाताशी असावं. शांत बसलो होतो. प्रश्न नाही, फोनवाला नाही, दिव्याकडेही बघितलं नाही (बंद होता). ताईने मध्ये एकदा माझ्या हातावर हात ठेवला, इतकं छान चाललं होतं. शेवटचा भाग आला. मी तो आधी कधी बघितला नव्हता. पाच जण पळत होते. ती बारीक केसांची बाई मधोमध उभी होती. आणि ती पडली. हात पुढे न करता. सरळ. फळीवर धप्प आवाज झाला, तो माझ्या पायापर्यंत आला.

ती उठली नाही.

बाकीचे पाच जण तिच्या अंगावरून उड्या मारत पळतच राहिले. संगीत चालू. शंभर माणसं खुर्चीला खिळून. एकालाही वाटेना की उठावं. मी कडेच्या खुर्चीवर होतो म्हणून बरं. स्टेजवर कसा चढलो आठवत नाही. गुडघ्यावर बसलो, दोन्ही खांदे थोपटले आणि सगळ्या ताकदीने विचारलं, ऐकू येतंय का?

तिने एक डोळा उघडला. म्हणाली, येतंय.

अगदी स्पष्ट. ओठ न हलवता, पण स्पष्ट. येतंय. मी पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यावी लागते. ती म्हणाली, काका, येतंय, आता उठू नका, गोंधळ होईल, आहात तिथेच बसून राहा. मी बसून राहिलो. मांडी घालून. पाच जण आमच्या दोघांभोवती पळत होते. मग ती उठली आणि पळायला लागली, आणि मी एकटाच मधोमध. दिवे गेले. टाळ्या फार झाल्या. मीही वाकून नमस्कार केला, ते रीतीला धरून होतं.

खाली आलो तर ताईची खुर्ची रिकामी. ती न सांगता निघून गेली होती. माझा लांबचा चष्मा तिच्या पर्समध्ये (तिसऱ्या रांगेत लागत नाही). बसचा नंबर दिसेना, चुकीच्या बसमध्ये चढलो, अर्ध्या वाटेतून चालत आलो.

तिला कौतुक वाटायला हवं होतं.

५ मार्च

ताई फोन उचलत नाही. भावोजी उचलतात. म्हणाले, तिला जरा वेळ द्या. चष्मा भावोजींनी ऑफिसच्या गेटवर ठेवला आणि वर न येता परत गेले. माझ्या हातून असं काय घडलंय? शेजारचा माणूस पडला तर बघत बसायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

थिएटरच्या मॅनेजरचा फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, ते पडणं बसवलेलं आहे, ती दर शनिवारी पडते, त्यासाठी महिनोन्महिने सराव केलाय. कृपा करून स्टेजपासून लांब राहा. मी विचारलं, आणि एखाद्या शनिवारी खरंच पडली तर? त्यांनी आभार मानून फोन ठेवला. बहुतेक मुद्दा पटला. सत्कार वगैरे करायचा विचार असेल तर आधी कळवतील.

७ मार्च, सकाळी

बायको चहा देताना म्हणाली, अलीकडे तुम्ही झोपेत ओरडत नाही. मी म्हणालो, मी कधी ओरडत होतो? म्हणाली, ऑक्टोबरपासून. रोज एकच. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. मी उठून हो म्हणायची, पण तुम्हाला ते पोचायचं नाही. शनिवारपासून बंद आहे.

उशी बदलली आहे. त्याचा परिणाम.

तिने इतके दिवस सांगितलं का नाही, हा वेगळाच मुद्दा. घरात कुणी काही सांगत नाही.

९ मार्च, रविवार

काल एकटाच गेलो. प्रयोगासाठी नाही, दिवा लागला का बघायला. आलोच आहे तर तिकीट काढावं म्हटलं. खिडकीवरच्या बाई मला बघून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला कडेची खुर्ची द्यायची नाही, अशी सूचना आहे. मागची रांग, मधली खुर्ची देऊ शकते. माझ्या व्यवसायाचा मूलभूत नियम मोडायला सांगत होत्या. मी ठाम नकार दिला. त्यांनी खिडकी लावली.

व्हरांड्यात उभा राहिलो. बंद दारातून फक्त आवाज येतो. पाय ऐकू येत होते. मग धप्प. मग काहीच नाही. मी दाराच्या मुठीला हात घातला होता. पण दाराशेजारीच त्यांचा वॉचमन उभा होता, आणि तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, नाही नाही म्हणून.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग बसायचं होतं ना मधल्या खुर्चीत. हिला सुरक्षेतलं काही कळत नाही.

आज जेवलो नाही. भूक नव्हती.

१६ मार्च, रविवार

ताई आली. बायकोने बोलावलं असणार, दोघींचे डोळे एकमेकींकडे.

मी आधीच सुरुवात केली, की मी केलं ते नियमाप्रमाणे केलं. ताई म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, त्या दिवशी स्वयंपाकघरात आप्पा पडले तेव्हाही तू सगळं नियमाप्रमाणे केलंस. मी दारात उभी होते. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबायचं तू थांबवलं नाहीस. आप्पांनी उत्तर दिलं नाही, त्यात तुझं काही चुकलं नाही रे.

ताईला जुनं उकरून काढायची सवयच आहे. मी विषय बदलला. विचारलं, तू दर शनिवारी तेच तेच कशाला बघतेस ते तरी सांग.

ती म्हणाली, ती पडते ना, म्हणून. आणि मग उठते. मला माहीत असतं उठणार आहे, तरी दर वेळी खुर्ची घट्ट धरून बसते. मग ती उठली की वाटतं, चला, आता घरी जाऊन भाजी टाकू. एवढंच. त्यात अर्थबिर्थ काही नाही.

मला वाटलं होतं, ती मला बोलेल. बोललीच नाही, याचा जास्त त्रास झाला. जाताना म्हणाली, दोन तिकिटं काढली आहेत, मधली. अटी तीन: शिट्टी घरी ठेवायची, बोलायचं नाही, उठायचं नाही. आणि हे शेवटचं.

अटी मी मान्य केल्या. अर्थात माझ्या पद्धतीने. जाऊन आधी दारं बघून ठेवीन.

२३ मार्च, रविवार

दारं बघायची राहिली. बसला उशीर झाला.

मागची रांग. मधोमध. डावीकडे ताई, उजवीकडे एक प्रचंड गृहस्थ, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना. काही झालं असतं तर त्या रांगेतून बाहेर पडायला मला निम्म्या गावाची माफी मागावी लागली असती. अशा ठिकाणी माणसं स्वखुशीने बसतात.

ती पडली. मी उठायला गेलो असेन, कारण ताईने माझं मनगट धरलं आणि उजवीकडच्या गृहस्थांनी न बघताच गुडघे आणखी आवळले. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं असावं.

मग बघत बसण्याशिवाय इलाज नव्हता. ती मधोमध पडलेली. बाकीचे पळत होते. आणि मधल्या खुर्चीवरून एक गोष्ट दिसली, ती कडेवरून कधी दिसली नसती, कारण तिथे माझं निम्मं लक्ष दाराकडे असतं. तिच्या बरगड्या हलत होत्या. वर, खाली. पळून दमल्यामुळे जोरजोरात. एवढी शंभर माणसं तेच बघत होती. तिचा श्वास चालू आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

आप्पांच्या हलल्या नाहीत. मी फार वेळ बघितलं होतं.

मग ती उठली. आधी हात, मग कोपर, मग डोकं. कुणी न विचारता.

मी रडलो नाही. खुर्च्या जुन्या आहेत, गादीतून धूळ येते, त्याबद्दल मॅनेजरला लिहिणार आहे. उजवीकडच्या गृहस्थांनी मला त्यांचा रुमाल दिला, तो परत कसा करायचा हाही प्रश्नच आहे. ताईने काही दिलं नाही. ती टाळ्या वाजवत होती, आणि मी वाजवत नाही हे बघून माझा हात हातात घेऊन त्यावर वाजवायला लागली, लहानपणी वाजवायची तशी.

दिवे लागले. लोक निघाले. गृहस्थ निघाले, रांग मोकळी झाली. हॉल रिकामा करताना कुणीही मागे रेंगाळू नये, हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना ओरडून सांगतो आहे. माझे पाय हलेनात. ताई म्हणाली, बस, घाई नाही. बसलो. मागच्या दारावर हिरवा दिवा चालू होता. कधी बसवला, माहीत नाही. तपासायचं लक्षातच आलं नाही.

शेवटी तिकीट खिडकीवरच्या बाई आत आल्या. म्हणाल्या, साहेब, उठा, हॉल बंद करायचाय.

माझ्या तोंडून निघून गेलं, खरी आग लागली की सांगा.